डोंगरपायथ्याचा मुक्काम : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत : डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या तलावाच्या किंवा नदीच्या काठी तंबू ठोकून अथवा कॅराव्हॅन, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, उभी करून राहणे. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पायथ्याशी जे घडते, त्याचे कारण बहुतेक वेळा वर, आपल्या नजरेच्या पलीकडे असते. पाणी असो, हवा असो की आपणच टाकलेला मैला असो, सारे उताराने वाहत येते. पुढील उत्तरे वाचताना ही एक गोष्ट ध्यानात असू द्यावी, अशी विनंती आहे.

प्रश्न : आम्ही नदीकाठी मुक्कामाला जातो, तेव्हा पात्राला लागून असलेली वाळूची सपाट पुळण निवडतो. जमीन मऊ असते आणि पाणी हाताशी असते. आकाश निरभ्र असल्याची खात्री करूनच आम्ही तंबू लावतो. तरीही काही अनुभवी मंडळी या जागेला ठाम विरोध करतात. त्यांचे म्हणणे कितपत खरे आहे?

उत्तर : त्यांचे म्हणणे पूर्णपणे खरे आहे. आपल्याला आवडणारी ती पुळण नदीनेच कोणत्या तरी पुरात आणून टाकलेली आणि सपाट केलेली असते, त्यामुळे पुढच्या पुरात पाणी तेथेच पुन्हा येणार, हे गृहीत धरावे लागते. मैदानी प्रदेशातील मोठ्या नदीला पूर येतो तो बहुधा दिवसांच्या हिशेबाने, आणि तेवढ्या अवधीत माणसांना सावध करता येते. पायथ्याच्या नद्यांचे तसे नसते. वरचे उतार तीव्र असतात, मातीचा थर पातळ असतो, खडक पाणी मुरू देत नाही आणि अनेक ओढे थोड्या अंतरात एकत्र येतात. अशा ठिकाणी वरच्या खोऱ्यात पाऊस पडल्यापासून खाली लोंढा पोहोचेपर्यंत जेमतेम तास-दोन तास मिळतात, कधी तेवढेही मिळत नाहीत. आपल्या डोक्यावरचे आकाश निरभ्र आहे, याला म्हणूनच फारसा अर्थ उरत नाही. विचारायचे ते डोंगरमाथ्यावर काय चालले आहे हे.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ३१ जुलै १९७६ रोजी बिग थॉम्प्सन नदीच्या अरुंद दरीत हेच घडले. वरच्या भागावर एक वादळी ढग जवळजवळ एकाच जागी थांबून राहिला, काही तासांत सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस झाला आणि सुट्टीसाठी दरीत उतरलेल्या लोकांसह १४४ जण मृत्युमुखी पडले. फ्रान्समधील ल ग्रां-बोर्नां येथे १४ जुलै १९८७ रोजी नदीकाठच्या तंबूतळावर पाणी शिरून २३ जणांचा बळी गेला. स्पेनमध्ये पिरेनीज पर्वताच्या कुशीत, बियेस्कास येथे ७ ऑगस्ट १९९६ रोजी ८७ जण दगावले. या शेवटच्या घटनेकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण तो तळ मोठ्या नदीच्या पुळणीवर नव्हता. डोंगरातून उतरणारा ओढा जेथे मोकळ्या जागेत येतो, तेथे त्याचा वेग मंदावतो आणि आणलेले दगडगोटे तो पंख्याच्या आकारात पसरवतो. हे पंखाकृती मैदान हलक्या उताराचे, पाण्याचा निचरा होणारे आणि दिसायला अतिशय सुरक्षित असते. वर्षानुवर्षे ओढा त्याच्या एका कडेने शांतपणे वाहतो, आणि मग एखाद्या अतिवृष्टीत तो प्रवाह बदलून सगळ्या पंख्यावर पसरतो. आपण उभे आहोत ती जागा अशा पंख्यावर आहे का, हे ओळखण्यासाठी मागे वळून डोंगराकडे पाहावे. एखाद्या घळीचे तोंड थेट आपल्याकडे रोखलेले असेल आणि आसपास निरनिराळ्या आकारांचे दगड मातीत अर्धवट रुतलेले असतील, तर जागा बदलावी.

मग जागा कशी निवडावी? पाण्यापासूनच्या अंतरापेक्षा पाण्यापासूनची उंची पाहावी. सपाट काठावर शंभर पावले दूर जाऊनही आपण पाण्याच्या पातळीपेक्षा जेमतेम हातभर वर असू शकतो. नदी आपल्या पुराच्या खुणा ठेवून जाते आणि त्या वाचता येतात : झाडांच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा आणि वाळके गवत, खोडांच्या प्रवाहाकडील बाजूची खरवडलेली साल, खडकांवर सुकलेल्या गाळाची आडवी रेघ, एकाच दिशेने लवलेली झुडपे. यांतील सर्वांत उंच खूण शोधून तिच्याहून बरेच वर, शक्यतो नदीच्या काठावरील जुन्या, मोठी झाडे वाढलेल्या, पायरीसारख्या उंच सपाट जागेवर मुक्काम करावा. तेथून आणखी वर पायी जाण्याची वाट असली पाहिजे आणि ती वाट कोठेही ओढा ओलांडणारी नसावी. हे सारे उजेडात पाहावे लागते, म्हणून मुक्कामावर सूर्यास्तापूर्वी निदान दोन तास आधी पोहोचावे, असा माझा आग्रह असतो.

नदीवर वरच्या अंगाला धरण असेल तर पावसाचा संबंध नसतानाही पाणी वाढू शकते. वीजनिर्मितीसाठी किंवा साठा कमी करण्यासाठी दरवाजे उघडले, की कोरड्या खडकांमध्ये उतरलेल्या माणसांना परत फिरण्यासही वेळ मिळत नाही. हिमाचल प्रदेशात ८ जून २०१४ रोजी बियास नदीच्या पात्रात उतरलेले २४ विद्यार्थी लारजी जलविद्युत प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. धरणाखालच्या पात्रात तंबू लावणे तर नकोच, पण नुसते छायाचित्रासाठी खडकावर जाऊन बसणेही टाळावे. भोंगा वाजला तर तो कशासाठी वाजतो, हे आधी स्थानिक व्यवस्थापनाकडून समजून घ्यावे.

रात्री पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पाने आणि काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा प्रवाहाच्या आवाजात दगड गडगडण्याचा खोल आवाज मिसळला, तर क्षणाचाही विलंब न लावता वर चढावे. भर पावसात प्रवाह अचानक कमी झाला, तर तेही तितकेच वाईट लक्षण आहे, कारण वर कोठे तरी दरड कोसळून पाणी अडलेले असू शकते. सामान सोडून द्यावे. वाहन काढण्याचा मोह अनावर होतो. परंतु सुमारे ३० सेंटिमीटर खोलीचे वाहते पाणी लहान मोटारीला तरंगवू शकते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहनांना वाहून नेते, हे ठाऊक असलेला माणूस त्या मोहात पडत नाही.

प्रश्न : तलावाचे पाणी स्थिर असते. तेव्हा तलावकाठी हे सगळे नियम पाळण्याची गरज नाही, असे मानावे का?

उत्तर : पुराचा धोका तलावकाठी बराच कमी असतो, हे मान्य आहे. मात्र तलावाला येऊन मिळणाऱ्या ओढ्यांच्या मुखाशी वर सांगितलेले सर्व काही लागू होते, आणि दुर्दैवाने सावली व वाहते पाणी मिळते म्हणून लोकांची पसंती नेमकी त्याच जागेला असते.

पायथ्याचे अनेक तलाव म्हणजे खरे पाहता धरणांचे जलाशय असतात आणि त्यांची पातळी वर्षभर वर-खाली होत राहते. पाणी उतरल्यावर उघडी पडलेली जमीन वरून वाळलेली व भेगाळलेली दिसते, पण तिच्याखाली ओला गाळ असतो. त्यात जड वाहनाची चाके रुततात आणि माणसाचे पायही. पोहणाऱ्यांसाठी यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. असा काठ काही पावले उथळ असतो आणि मग बुडालेल्या जुन्या ओढ्याच्या काठाशी एकदम खोल होतो. उन्हाळ्यात वरचा थर कोमट लागतो आणि थोडेसे खाली गेले, की पाणी झपाट्याने थंड होते. सुमारे १५ अंश सेल्सिअसहून थंड पाण्यात माणूस एकाएकी पडला, तर पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत श्वास अनावरपणे आत ओढला जातो, आणि चांगले पोहणारेही बुडतात ते बहुधा तेव्हाच. त्यामुळे नावेत बसताना जीवरक्षक जाकीट जवळ ठेवून भागत नाही, ते अंगात असावे लागते.

प्रश्न : दिवसा उकाडा होता, म्हणून आम्ही पाण्याजवळच्या खोलगट, वारा न लागणाऱ्या जागी तंबू लावला. पहाटे मात्र सगळे कुडकुडत होते आणि तंबू आतून ओलाचिंब झाला होता. पुढच्या वेळी तंबूत लहानशी शेगडी ठेवावी, असा विचार आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : शेगडीचा विचार कृपया मनातून पूर्णपणे काढून टाकावा. कोळसा असो, गॅस असो की विझत आलेले निखारे असोत, बंद जागेत जळताना त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी अशी लक्षणे दिसतात आणि झोपलेल्या माणसाला तीही जाणवत नाहीत. ज्वाला दिसत नाही म्हणून निखारे निरुपद्रवी वाटतात. प्रत्यक्षात धुमसणारा कोळसा हाच या वायूचा मोठा उगम आहे. तंबूचा दरवाजा थोडा उघडा ठेवल्याने धोका टळतो, ही समजूत चुकीची आहे. स्वयंपाकही तंबूच्या बाहेरच करावा. कॅराव्हॅनमध्ये राहणाऱ्यांनी या वायूची सूचना देणारा गजर बसवून घ्यावा आणि निघण्यापूर्वी तो वाजवून पाहावा.

थंडीचे कारण आपण निवडलेल्या जागेतच आहे. सूर्यास्तानंतर उतारांवरची जमीन झपाट्याने थंड होते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होते व पाण्यासारखीच उताराने वाहत जाऊन खोलगट भागात साचते. दरीचा तळ त्यामुळे पहाटे उतारापेक्षा काही अंशांनी अधिक थंड असू शकतो. शिवाय पाण्याजवळची हवा दमट असते, आणि वारा नसल्याने ती दमट हवा व आपल्या श्वासातील बाष्प तंबूच्या थंड कापडावर जमते. तळापासून थोडे वर, सौम्य उताराच्या बाकासारख्या सपाट जागी मुक्काम केला तर थंडी आणि ओल या दोन्हींत लक्षणीय फरक पडतो. झडपा उघड्या ठेवाव्यात, ओले कपडे आत वाळत घालू नयेत, आणि बाहेरचे आच्छादन आतल्या कापडाला टेकणार नाही इतके ताणून बांधावे. पुराच्या भीतीने वर सरकणे आणि थंडीच्या भीतीने वर सरकणे यांची दिशा एकच आहे, ही सोयीची गोष्ट म्हणावी लागेल.

अंगाखालच्या अंथरुणाकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. झोपण्याच्या पिशवीतील भरण आपल्या वजनाने दबले, की उष्णता अडवत नाही आणि जमीन शरीरातील ऊब ओढून घेते. चांगल्या चटयांवर उष्णतारोधाचा अंक, म्हणजे आर-मूल्य, छापलेला असतो. उबदार रात्रींना साधारण २ पुरते, तापमान शून्याच्या आसपास जाणार असेल तर ४ किंवा त्याहून अधिक असावे, आणि दोन चटया एकावर एक घातल्या तर त्यांच्या अंकांची बेरीज होते. झोपण्याच्या पिशवीवर आयएसओ २३५३७ या मानकानुसार दोन-तीन तापमाने दिलेली असतात. त्यांतील सुखकर तापमान तेवढे पाहावे. सर्वांत खालचा आकडा केवळ जीव वाचण्यापुरता असतो आणि त्यावर विसंबून खरेदी करणे धोक्याचे आहे.

प्रश्न : आम्ही प्रथमच भाड्याची कॅराव्हॅन घेऊन डोंगरपायथ्याच्या तलावाकडे जाणार आहोत. सोबत वृद्ध आई-वडील आहेत. वाहनाच्या दृष्टीने कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : वृद्धांसाठी कॅराव्हॅन ही खरोखर मोठी सोय आहे, रात्री उठण्याबसण्याचा त्रास वाचतो आणि औषधे थंड ठेवता येतात. तिची पहिली अट मात्र वजनाची आहे. एक लीटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते, म्हणजे शंभर लीटरची टाकी भरली की एका जाडजूड माणसाहून अधिक भार वाढतो. वाहनाच्या पाटीवर नोंदवलेले कमाल वजन आणि प्रत्यक्ष भरलेले वजन यांचा मेळ निघण्यापूर्वी वजनकाट्यावर घालावा. जड वस्तू खाली आणि आसाजवळ, म्हणजे चाके जोडणाऱ्या दांड्याजवळ, ठेवाव्यात. मागे जोडून ओढायची कॅराव्हॅन असेल, तर भार आसाच्या मागे गेल्यास ती वेगात डावी-उजवीकडे हेलकावू लागते आणि हे हेलकावे आवरणे नवख्या चालकाला फार कठीण जाते. घाट उतरताना ब्रेकवर पाय दाबून ठेवू नये. खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या अवरोधाने वेग आवरावा, नाहीतर ब्रेक तापून त्यांची पकड सुटते.

मुक्कामावर पोहोचल्यावर आधी जमिनीची बळकटी पाहावी. ज्या हिरवळीवरून आपण चालत जातो, तीच हिरवळ रात्रीच्या पावसानंतर काही टनांच्या वाहनाची चाके रुतवून त्याला अडकवून ठेवते. खडीची किंवा मुरुमाची जागा निवडावी आणि वाहनाचे तोंड बाहेर पडण्याच्या वाटेकडे ठेवावे, म्हणजे अंधारात निघण्याची वेळ आली तर मागे घेत बसावे लागत नाही. त्यानंतर चाकांखाली ठोकळे देऊन वाहन समतल करावे. गॅस आणि वीज या दोन्हींवर चालणाऱ्या शोषण पद्धतीच्या फ्रिजमध्ये अमोनियाचे द्रावण गुरुत्वाकर्षणाने फिरते, त्यामुळे वाहन कलते असेल तर तो नीट थंड करत नाही आणि दीर्घकाळ तसाच चालवल्यास बिघडतो. कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या फ्रिजला ही अट नाही. आपल्या वाहनात कोणता आहे, हे भाड्याने देणाऱ्याला विचारावे.

विजेच्या बाबतीत थोडे गणित आधी करून ठेवल्यास मनस्ताप वाचतो. १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १२०० वॉट-तास ऊर्जा असते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवली तर तिचे आयुष्य घटते, म्हणून हाती सुमारे ६०० वॉट-तास उरतात. दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप यांना ते एक-दोन दिवस पुरतील, परंतु हजार वॉटचे वातानुकूलन यंत्र अर्ध्या तासात ते संपवेल. लिथियम बॅटरीतून यापेक्षा बराच मोठा भाग वापरता येतो. आई-वडिलांपैकी कोणाला रात्री श्वसनाचे यंत्र लागत असेल, तर विजेची जोडणी असलेलाच तळ निवडावा. येथे तडजोड करू नये.

प्रश्न : भांडी घासण्यासाठी आम्ही निसर्गात विघटन होणारा साबण नेतो. मग ती थेट तलावात धुण्यास काय हरकत आहे?

उत्तर : हरकत आहे. असा साबण विघटित होतो तो प्रामुख्याने मातीतील जिवाणूंमुळे. पाण्यात तो तसाच पसरतो आणि जलचरांना अपाय करतो. अन्नाच्या कणांमुळे शेवाळ वाढते आणि प्राण्यांना माणसांच्या मुक्कामाची चटक लागते. भांडी पाण्यापासून निदान ६० मीटर, म्हणजे प्रौढ माणसाची सुमारे ८० पावले, दूर धुवावीत, खरकटे गाळून कचऱ्याच्या पिशवीत भरावे आणि उरलेले पाणी मोकळ्या मातीवर शिंपडून द्यावे. शौचासाठीही तेवढेच अंतर राखून १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करावा, कारण सेंद्रिय पदार्थ कुजवणारे जिवाणू मातीच्या वरच्या थरातच सर्वाधिक असतात. कॅराव्हॅनच्या शौचालयाची टाकी अशा खड्ड्यात कधीही रिकामी करू नये. तिच्यासाठी ठरवलेले निचरा केंद्रच वापरावे, मग त्यासाठी वाट वाकडी करावी लागली तरी चालेल.

याच कारणाने तलावाचे किंवा ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी प्रक्रियेशिवाय पिऊ नये. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट, आणि समुद्रसपाटीपासून २००० मीटरहून अधिक उंचीवर तीन मिनिटे, उकळलेले पाणी रोगजंतूंच्या दृष्टीने सुरक्षित असते. क्लोरीनच्या गोळ्या जिवाणूंवर चालतात, पण क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीवर त्यांचा उपयोग होत नाही. काठाशी पाण्यावर हिरवट-निळसर, रंग सांडल्यासारखा तवंग असेल, तर ते पाणी उकळूनही वापरू नये. नील-हरित शैवालाचे विष उकळल्याने नष्ट होत नाही. अशा पाण्यात मुलांना आणि कुत्र्यांनाही उतरू देऊ नये.

प्रश्न : विजा चमकू लागल्यास तंबूत बसावे की कॅराव्हॅनमध्ये?

उत्तर : तंबूमुळे विजेपासून कोणतेही संरक्षण मिळत नाही. पूर्ण धातूच्या कवचाची बंद मोटार सुरक्षित असते, कारण विजेचा प्रवाह कवचावरून जमिनीत जातो. अनेक कॅराव्हॅनचे बाह्यांग मात्र फायबरग्लासचे असते आणि त्यावर तसा भरवसा ठेवता येत नाही. आपले वाहन कशाचे आहे हे आधीच पाहून ठेवावे, आणि शंका असल्यास सर्वांनी सोबतच्या मोटारीत जाऊन खिडक्या बंद करून बसावे. पाण्यातून आणि पाण्याच्या कडेवरून सर्वप्रथम बाहेर यावे, एकाकी उंच झाडाखाली थांबू नये. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यानंतर तीस मिनिटे उलटेपर्यंत बाहेर पडू नये, आणि मधे पुन्हा गडगडले तर ती तीस मिनिटे नव्याने मोजावीत.